गंबो

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी लुइझिॲना राज्याच्या दक्षिण भागातील एक दाट, रसदार खाद्यपदार्थ. कोंबडी, टर्की, बदक, डुकराच्या मांसाचे धुरी दिलेले सॉसेज, कोळंबी, खेकडे, कालवे यांपैकी काही पदार्थ कांदा, सेलरी व ढोबळी मिरची यांच्यासह हाडांच्या किंवा कवचांच्या रश्शात मंदाग्नीवर शिजवून गंबो तयार करतात व तो भातावर घालून खातात. सूप आणि कालवण यांच्या मधले त्याचे स्वरूप असते. त्याचा दाटपणा भेंडी, सॅसाफ्रॅस वृक्षाच्या पानांची पूड (फिले) आणि चरबीत भाजलेला मैदा (रू) या तीन घटकांपैकी एका किंवा अधिक घटकांमुळे येतो. हे तीन घटक अनुक्रमे आफ्रिकी, मूळ अमेरिकी व फ्रेंच पाकपरंपरांतून आलेले आहेत. २००४ मध्ये लुइझिॲना राज्याने कायद्याने गंबोला राज्याचा अधिकृत खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. हिवाळ्यातील सणांनंतर उरलेल्या भाजलेल्या टर्कीचे मांस व तिचा हाडांचा सांगाडा वापरून केलेला गंबो हा या पदार्थाचा एक रूढ घरगुती प्रकार होय.

नाव : गंबो हा शब्द बांटू भाषांतील भेंडीवाचक शब्दापासून आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अंगोलातील किंबुंडू भाषेत भेंडीला याच्याशी जुळणारा शब्द आहे, तर फ्रेंच भाषेत भेंडीला ‘गोंबो’ असेच म्हणतात. सॅसाफ्रॅसच्या पुडीसाठी चॉक्टॉ या मूळ अमेरिकी जमातीच्या भाषेत असलेल्या ‘कोंबो’ या शब्दाशीही काहींनी त्याचा संबंध जोडला आहे. पहिले मत अधिक ग्राह्य मानले जाते. या मतानुसार पदार्थाचे नाव त्यातील एका भाजीवरून पडले. तथापि पुढे भेंडी नसलेल्या प्रकारांनाही तेच नाव लागू झाले.

इतिहास : न्यू ऑर्लीन्स शहराची स्थापना फ्रेंचांनी १७१८ मध्ये केली. पुढच्याच वर्षी, १७१९ मध्ये, आफ्रिकी गुलामांना घेऊन आलेली पहिली जहाजे लुइझिॲनात पोहोचली. फ्रेंच राजवटीत आणलेल्या गुलामांपैकी मोठा भाग पश्चिम आफ्रिकेतील सेनेगॅम्बिया प्रदेशातील होता. भातशेती व भाताचा आहार या लोकांच्या पूर्वपरिचयाचा होता. भेंडी घालून शिजविलेले मांसाचे किंवा माशांचे दाट कालवण भाताबरोबर खाण्याची पद्धत पश्चिम आफ्रिकेत आजही आहे, उदा., सेनेगलमधील सूपूकांजा. गंबोची घडण या कालवणांशी मिळतीजुळती आहे. दक्षिण फ्रान्समधील बुयाबेस या मत्स्य-रश्शापासून गंबो निघाला, असे पूर्वी पुष्कळदा सांगितले जाई. परंतु पदार्थाचे नाव, भेंडीचा वापर आणि भाताची जोड या तिन्ही गोष्टी आफ्रिकी मुळाकडे निर्देश करतात.

या मूळ कालवणात इतर समाजांनी भर घातली. चॉक्टॉ लोक सॅसाफ्रॅसची वाळलेली पाने कुटून पूड करीत व ती न्यू ऑर्लीन्सच्या बाजारात विकत. फ्रेंच वसाहतकारांनी रू आणला. मिसिसिपी नदीकाठी वसलेल्या जर्मन भाषकांनी सॉसेज बनविण्याचे कसब आणले. ब्रिटिशांनी १७५५ पासून नोव्हास्कोशा व आसपासच्या प्रदेशातून हद्दपार केलेले फ्रेंच भाषक अकेडियन १७६० नंतरच्या दशकात लुइझिॲनात येऊन स्थायिक झाले. ‘केजन’ हे नाव ‘अकेडियन’ या शब्दाचाच अपभ्रंश होय. सेंट डोमिंग (सध्याचा हैती) येथील क्रांतीनंतर आलेल्या निर्वासितांमुळे कॅरिबियन बेटांवरील पाकपद्धतींचाही संपर्क वाढला.

गंबोचा उल्लेख न्यू ऑर्लीन्स येथील १७६४ मधील गुलामांच्या न्यायालयीन जबान्यांत आढळतो. लुइझिॲना प्रदेश अमेरिकेच्या ताब्यात गेला त्या वर्षी, म्हणजे १८०३ मध्ये, न्यू ऑर्लीन्समधील एका सरकारी मेजवानीत गंबो वाढल्याची नोंद आहे. गुलामांच्या जबानीत आढळणारा पदार्थ चाळीस वर्षांच्या आत राज्यकर्त्यांच्या पंक्तीला पोहोचला होता, असे यावरून दिसते. मेरी रँडॉल्फ यांच्या व्हर्जिनिया हाउसवाइफ (१८२४) या पाकशास्त्रावरील ग्रंथात भेंडीचा एक पदार्थ याच नावाच्या रूपाने आला असून तो वेस्ट इंडियन पदार्थ असल्याचे म्हटले आहे.

एकोणिसाव्या शतकातील श्रीमंत क्रिओल घरांतील स्वयंपाक बव्हंशी कृष्णवर्णीय स्त्रिया करीत. गंबोच्या कृती लिहून प्रसिद्ध करणाऱ्यांची नावे ग्रंथांवर राहिली. तो प्रत्यक्ष रांधणाऱ्या स्त्रियांची नावे बहुधा राहिली नाहीत. ॲबी फिशर यांचे पुस्तक या दृष्टीने महत्त्वाचे आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या या स्वयंपाकिणीचा दक्षिणेकडील पाककृतींचा संग्रह १८८१ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे प्रसिद्ध झाला. त्यांना लिहितावाचता येत नसल्याने त्यांनी कृती तोंडी सांगितल्या व त्या इतरांनी लिहून घेतल्या. त्यांत भेंडीचा, कालवांचा व कोंबडीचा असे गंबोचे प्रकार आहेत. विसाव्या शतकात लिआ चेस (१९२३–२०१९) यांनी न्यू ऑर्लीन्समधील डुकी चेसेस या उपाहारगृहातून क्रिओल पाकपरंपरेला प्रतिष्ठा मिळवून दिली. वर्णभेदाचे कायदे अंमलात असताना १९६० च्या सुमारास नागरी हक्कांच्या चळवळीतील कृष्णवर्णीय व गौरवर्णीय कार्यकर्ते या उपाहारगृहात एकत्र बसून गंबो खात व विचारविनिमय करीत.

प्रकार : गंबोचे स्थूलमानाने क्रिओल व केजन असे दोन भेद मानतात. न्यू ऑर्लीन्स शहराच्या क्रिओल गंबोत कोळंबी, खेकडे व कालवे यांचा वापर अधिक असतो. त्यात भेंडी आणि काही वेळा टोमॅटोही घालतात. नैर्ऋत्येकडील ग्रामीण भागातील केजन गंबोत रू गडद असतो, टोमॅटो सहसा नसतो आणि कोंबडी, बदक किंवा शिकारीचे पक्षी व आंदुई नावाचे धुरी दिलेले सॉसेज यांना प्राधान्य असते. हा भेद काटेकोर नाही. एकाच गावातील दोन घरांचे गंबोही सारखे नसतात. ‘गंबो झेर्ब’ हा पालेभाज्यांचा गंबो ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, विशेषतः पवित्र गुरुवारी करतात. त्यात मोहरी, पालक, कोबी, सलगम, बीट इत्यादींची पाने एकत्र शिजवितात.

सणाची टर्की व गंबो : टर्की (मेलेॲग्रिस गॅलोपॅव्हो) हा मूळचा उत्तर अमेरिकेतील पक्षी असून तो मेक्सिकोत प्राचीन काळी माणसाळविण्यात आला. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिशांनी तो यूरोपात नेला. भारतात तो पोर्तुगीजांच्या मार्फत पोहोचला. मोगल सम्राट जहांगीर याच्या आज्ञेवरून मुकर्रबखान याने १६१२ मध्ये गोव्याहून ज्या दुर्मिळ वस्तू व प्राणी आणले त्यांत टर्की होती. चित्रकार मन्सूर याने काढलेले तिचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहे.

अमेरिकेत टर्कीचा संबंध मुख्यतः थँक्सगिव्हिंग या कृतज्ञतादिनाशी आहे. या सणाची परंपरा प्लिमथ वसाहतीतील १६२१ च्या सुगीच्या भोजनापर्यंत नेली जाते. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १८६३ मध्ये तो राष्ट्रीय पातळीवर जाहीर केला आणि १९४१ च्या कायद्यान्वये नोव्हेंबरमधील चौथा गुरुवार हा त्याचा दिवस ठरला. नाताळातही अनेक घरांत टर्की भाजतात. सणासाठी आणलेला पक्षी बहुधा ५ ते १० किग्रॅ. वजनाचा असतो व तो अखंड भाजतात. एका जेवणात तो क्वचितच संपतो. पाय, पंख, पाठ यांना चिकटलेले मांस आणि संपूर्ण सांगाडा मागे राहतो. भाजताना छातीचे मांस कोरडे पडते व दुसऱ्या दिवशी तसेच गरम केल्यास अधिकच रुक्ष लागते. रसदार पदार्थात घातल्याने हा दोष झाकला जातो.

उरलेल्या मांसाचा असा उपयोग नवा नाही. लॅफ्काडिओ हर्न यांच्या ला क्विझिन क्रिओल (१८८५) या न्यू ऑर्लीन्समधील पाककृतींच्या संग्रहात, भाजलेली कोंबडी, टर्की व शिकारीचे मांस यांचे अवशेष काटकसरीने सार्थकी लावण्याचा मार्ग म्हणून गंबोची शिफारस केलेली आहे. लुइझिॲनातील अनेक कुटुंबांत सणाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, टर्कीचा गंबो करण्याचा प्रघात आहे. महाराष्ट्रात पुरणपोळीसाठी शिजविलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे पाणी टाकून न देता त्याची कटाची आमटी करतात. सणाच्या मुख्य पदार्थातून निघालेल्या दुय्यम भागाला स्वतंत्र पदार्थाची योग्यता देणारी ही दृष्टी दोन्हीकडे समान आहे.

हाडांचा रस्सा : गंबोची प्रत प्रामुख्याने त्यासाठी वापरलेल्या रश्शावर अवलंबून असते. हाडे, कूर्चा, कातडी व स्नायुबंध यांत कोलॅजेन हे प्रथिन असते. पाण्यात दीर्घकाळ उष्णता दिल्यास त्याचे जिलेटिनात रूपांतर होते. जिलेटिनामुळे रश्शाला अंग येते व थंड झाल्यावर तो थिजतो. थिजलेला रस्सा बिघडलेला नसून तो उत्तम प्रतीचा असल्याची ती खूण होय. टर्कीचे पंख, मान व सांधे यांत कोलॅजेन भरपूर असल्याने ते रश्शासाठी विशेष उपयुक्त असतात. सांगाडा आधीच भाजलेला असल्याने त्याचा तपकिरी रंग व खमंग स्वाद रश्शात उतरतो. कोल्हापूरकडे मटण शिजविताना तिखटमसाला घालण्यापूर्वी काढून घेतलेल्या अळणी रश्शाशी याचे साम्य आहे. मात्र टर्कीच्या रश्शात मांसापेक्षा हाडांचा वाटा मोठा असतो.

सांगाड्यावरील मांस प्रथम सोडवून शीतकपाटात वेगळे ठेवतात. ते रश्शाबरोबर उकळल्यास चोथट होते. ५ ते ६ किग्रॅ. वजनाच्या टर्कीचा सांगाडा मोडून मोठ्या पातेल्यात घालतात व तो बुडेल इतके, म्हणजे सु. ४ लि. थंड पाणी ओततात. पाणी हळूहळू तापविल्यास विरघळलेली प्रथिने गोठून फेसाच्या रूपाने वर येतात व झाऱ्याने काढून टाकता येतात. त्यानंतर एक कांदा, एक गाजर, सेलरीचे दोन दांडे, लॉरेलची दोन पाने व काही मिरी घालतात. पाणी खळखळून उकळू न देता अधूनमधून एखादा बुडबुडा येईल इतपतच आच ठेवतात. जोराने उकळल्यास चरबीचे सूक्ष्म थेंब पाण्यात मिसळून रस्सा गढूळ व तेलकट होतो. तीन ते चार तासांत हाडांतील उपयुक्त अंश उतरतो व सु. ३ लि. रस्सा मिळतो. भाज्या याहून अधिक वेळ शिजल्यास त्यांचा स्वाद उतरतो. म्हणून काही जण त्या शेवटच्या तासातच घालतात.

रश्शात मीठ घालत नाहीत. सणासाठी टर्की बहुधा मिठाच्या पाण्यात मुरविलेली किंवा मीठ चोळलेली असते, सॉसेजही खारट असते आणि शिजताना पाणी आटून मिठाचे प्रमाण वाढते. यामुळे मीठ गंबो तयार झाल्यावर चाखूनच घालावे लागते. तयार रस्सा बारीक गाळणीतून गाळून निववितात. थंड झाल्यावर वर साकळलेली चरबी सहज काढता येते व रू करण्यासाठी तेलाऐवजी किंवा तेलाबरोबर वापरता येते.

दाटपणा आणणारे घटक : (१) रू : तेल किंवा चरबी आणि मैदा मंदाग्नीवर सतत ढवळत भाजून रू करतात. पांढऱ्या सॉससाठी लागणारा रू काही मिनिटांत होतो. गंबोसाठी मात्र तो तांब्याच्या नाण्यासारख्या लालसर रंगापासून चॉकोलेटसारख्या गडद तपकिरी रंगापर्यंत नेतात. त्यासाठी अर्धा ते पाऊण तास लागतो. रंग व खमंगपणा हे मुख्यतः मैद्यातील प्रथिने आणि शर्करा यांच्यात उष्णतेने घडणाऱ्या माइयार विक्रियेचे फलित असते. भाजताना मैद्यातील स्टार्चचे दीर्घ रेणू तुटत जातात. त्यामुळे रू जितका गडद तितकी त्याची दाटपणा आणण्याची क्षमता कमी होते व स्वाद देण्याची क्षमता वाढते. गडद रू वापरलेल्या गंबोत भेंडी किंवा फिलेची जोड द्यावी लागते ती यामुळेच. लोण्यातील दुग्धघटक लवकर करपत असल्याने गडद रू लोण्यात करीत नाहीत. एकदा काळे ठिपके दिसू लागले की रू कडवट होतो. तो सुधारता येत नाही, टाकूनच द्यावा लागतो.

(२) भेंडी : भेंडी (ॲबेलमॉस्कस एस्क्युलेंटस) कापल्यावर सुटणारा बुळबुळीत द्राव हे पॉलिसॅकॅराइडांचे मिश्रण असून ते पाण्यात फुगून रस्सा दाट करते. महाराष्ट्रीय स्वयंपाकात भेंडी धुऊन, पुसून व कोरडी करून चिरतात आणि ताक, चिंच किंवा आमसूल घालून तिची तार मोडतात. जो गुण मराठी स्वयंपाकात घालविला जातो तोच गंबोत हेतुपूर्वक वापरला जातो. क्रिओल गंबोतील टोमॅटोच्या आंबटपणामुळे ही तार काहीशी कमी होते. [⟶ भेंडी].

(३) फिले : सॅसाफ्रॅस (सॅसाफ्रॅस अल्बिडम) हा पूर्व-उत्तर अमेरिकेतील वृक्ष दालचिनी व तमालपत्र ज्या लॉरेसी कुलातील आहेत त्याच कुलातील आहे. त्याच्या वाळविलेल्या पानांची हिरवट पूड म्हणजे फिले. गरम रश्शात ती दाटपणा आणते, परंतु तिच्यासह रस्सा पुन्हा उकळल्यास तारा सुटून तो चिकट होतो. फिले या फ्रेंच शब्दात धाग्याचा अर्थ आहे. म्हणून ती पातेले विस्तवावरून उतरविल्यानंतर किंवा पानात वाढल्यावर घालतात. सॅसाफ्रॅसच्या मुळांच्या सालीतील तेलात सॅफ्रोल हे संयुग मोठ्या प्रमाणात असते. प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्कजनक आढळल्याने अमेरिकेत १९६० मध्ये खाद्यपदार्थांत ते मिसळण्यास बंदी करण्यात आली. पानांत त्याचे प्रमाण अत्यल्प असल्याने फिलेची विक्री चालू राहिली.

भेंडी उन्हाळ्यात येते, तर वाळविलेली पूड वर्षभर टिकते. शीतकपाटे येण्यापूर्वी यामुळे उन्हाळ्यात भेंडीचा व हिवाळ्यात फिलेचा गंबो अशी ऋतुनुसार विभागणी रूढ होती. एकाच गंबोत दोन्ही घालणे आजही अनेकांना अप्रशस्त वाटते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होणारा टर्कीचा गंबो बहुधा रू व फिले यांचाच असतो, त्याचे कारण या जुन्या ऋतुमानात आहे.

कृती : आठ ते दहा जणांसाठी सु. २०० मिलि. तेल किंवा चरबी व १२५ ग्रॅ. मैदा घेतात. जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून त्यात मैदा थोडाथोडा घालून लाकडी कालथ्याने तळ खरवडत सतत ढवळतात. या वेळी मिश्रणाचे तापमान उकळत्या पाण्यापेक्षा पुष्कळ अधिक असते व ते त्वचेला चिकटते. म्हणून ते अंगावर उडणार नाही याची काळजी घ्यावी लागते. हवा तो रंग येताच दोन मोठे कांदे, एक-दोन ढोबळ्या मिरच्या व सेलरीचे तीन दांडे बारीक चिरून त्यात टाकतात. भाज्यांतील पाण्यामुळे रूचे तापमान उतरते व तो करपण्याचे थांबते. या तीन भाज्यांच्या संयोगाला लुइझिॲनात ख्रिस्ती धर्मकल्पनेवरून ‘होली ट्रिनिटी’ म्हणतात. भाज्या मऊ झाल्यावर ठेचलेला लसूण व वेगळे परतून घेतलेले आंदुई सॉसेजचे सु. ५०० ग्रॅ. काप घालतात. नंतर २ ते २·५ लि. रस्सा थोडाथोडा ओतून गुठळ्या न होऊ देता मिसळतात. लॉरेलची पाने, थाइम, मिरपूड व लाल मिरचीची पूड घालून ते सु. एक तास मंद शिजवितात व वर तरंगणारे तेल काढून टाकतात.

टर्कीचे ५०० ते ७५० ग्रॅ. मांस शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांतच घालतात. ते आधी शिजलेले असल्याने त्याला केवळ पूर्ण गरम होऊन रस शोषण्याइतका वेळ पुरतो. अधिक शिजविल्यास त्याचे तंतू सुटतात. काही जण याच वेळी कालवेही घालतात. पातेले उतरवून कांद्याची पात, पार्सली व फिले घालतात आणि खोलगट पानात थोडा मोकळा भात घेऊन त्यावर गंबो वाढतात. केजन भागात बटाट्याचे सॅलड सोबत देण्याची किंवा ते गंबोतच बुडवून खाण्याची पद्धत आहे. गंबो दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो व रुचकर लागतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

साठवण व आरोग्यदृष्टी : उरलेल्या मांसाचा पदार्थ काटकसरीचा असला, तरी त्यात हयगय झाल्यास तो अपायकारक ठरतो. सु. ५° ते ६०° से. या तापमानाच्या दरम्यान सूक्ष्मजंतू झपाट्याने वाढतात. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या शिफारशीनुसार भाजलेली टर्की दोन तासांपेक्षा अधिक वेळ बाहेर राहू नये. हवेचे तापमान ३२° से. पेक्षा अधिक असल्यास ही मर्यादा एक तासाची आहे. शीतकपाटात ठेवलेले मांस तीन-चार दिवसांत वापरावे व पुन्हा गरम करताना ते आतपर्यंत ७४° से. तापमानास पोहोचावे, असे सांगितले जाते.

या संदर्भात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा सूक्ष्मजंतू विशेष महत्त्वाचा आहे. त्याची बीजुके शिजविण्याच्या उष्णतेतही तग धरतात. मांसाचा किंवा रश्शाचा मोठा साठा सावकाश निवत असताना ती अंकुरतात व अल्पावधीत जंतूंची बेसुमार वाढ होते. असे अन्न पोटात गेल्यावर सामान्यतः ६ ते २४ तासांत पोटात मुरडा व जुलाब सुरू होतात. अमेरिकेत या विषबाधेचे प्रादुर्भाव नोव्हेंबर व डिसेंबर महिन्यांत अधिक आढळतात आणि टर्की हे त्यांचे एक नेहमीचे वाहक अन्न असते. पातेलेभर गरम रस्सा झाकून रात्रभर ओट्यावर ठेवणे यामुळेच धोक्याचे ठरते. मोठ्या पातेल्याच्या मध्यभागातील उष्णता बाहेर पडण्यास अनेक तास लागतात व ते तसेच शीतकपाटात ठेवल्यानेही हा वेळ पुरेसा कमी होत नाही. रस्सा उथळ, लहान भांड्यांत वाटून ती बर्फाच्या पाण्यात ठेवल्यास तो लवकर निवतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या आदर्श नियमावलीत उपाहारगृहांसाठी शिजलेले अन्न दोन तासांत ५७° वरून २१° से. पर्यंत व आणखी चार तासांत ५° से. पर्यंत थंड करण्याची मर्यादा घातलेली आहे; घरगुती स्वयंपाकासही ती मार्गदर्शक ठरते. सोबतच्या भातालाही हीच दक्षता लागू पडते, कारण बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सीरियस हा जंतू विष निर्माण करतो व ते पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. गोठविलेला रस्सा काही महिने टिकतो. भात व फिले मात्र गोठवावयाच्या गंबोत मिसळत नाहीत. ते वाढतेवेळीच घालतात.

प्रसार व महत्त्व : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गंबो लुइझिॲनाबाहेर सर्वत्र परिचित झाला. पॉल प्रुडॉम या केजन बल्लवाचार्यांनी १९७९ मध्ये न्यू ऑर्लीन्समध्ये सुरू केलेल्या उपाहारगृहाचा व त्यांच्या १९८४ मधील ग्रंथाचा या प्रसारात मोठा वाटा आहे. लुइझिॲनात अनेक ठिकाणी गंबोच्या पाकस्पर्धा भरतात, तसेच सामुदायिक भोजनासाठी मोठ्या कढयांत तो रांधला जातो. अनेक समाजांच्या सरमिसळीतून बनलेल्या त्या प्रदेशाच्या संस्कृतीलाच गंबोची उपमा देण्याची प्रथा आहे. ही उपमा समर्पक असली, तरी या सरमिसळीत सहभागी झालेले सर्व समाज तेथे स्वेच्छेने आलेले नव्हते. आफ्रिकी लोक गुलाम म्हणून आणले गेले, अकेडियन हद्दपार होऊन आले आणि चॉक्टॉ लोकांची मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील बहुतेक भूमी १८३० च्या तहाने गेली व त्यांपैकी बहुसंख्यांना पश्चिमेकडे स्थलांतर करावे लागले. भेंडी, फिले व रू हे घटक या इतिहासाचे आजही वापरात असलेले अवशेष होत. अमेरिकेत उपलब्ध अन्नापैकी सु. ३० ते ४० टक्के अन्न वाया जाते, असा तेथील कृषिखात्याचा अंदाज आहे. या पार्श्वभूमीवर सणाच्या टर्कीचे हाड अन् हाड उपयोगात आणणाऱ्या या जुन्या घरगुती पद्धतीचे महत्त्व केवळ रुचीपुरते मर्यादित राहत नाही.